गटसचिवांचं पोरगं गेम करणार म्हणतंय

"बाई, ऐकलं का? गटसचिवाचं पोरगं बायलॉजी घेत न्हाई म्हणायलंय."

धाराशिवातल्या आमच्या तांबरी विभागात पेपर सकाळी सातला येतो आणि बातमी साडेसहाला भिंतीवरून येते. भिंत कंबरेएवढी. पलीकडं काकूंच्या कुरडया वाळत घातलेल्या आणि काकूंच्या हातात काठी, कारण गल्लीत एक शेळी मोकळी फिरते. उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे. कमी चाऱ्यावर जगते, जुळी करडं देते, सगळं खरं. पण कुरडया उन्हात असताना तिचं कौतुक काकूंसमोर करू नये.

"मग काय घेणार म्हणतोय?"

"गेम."

"अहो काकू, गेम हा विषय नसतो."

"मला काय ठावं! मोबाइलातले गेम तयार करणार, म्हणं. बाप म्हणला, एवढे ब्याण्णव टक्के पाडले ते गेम खेळायला व्हय? तर पोरगं म्हणलं, खेळायला टक्के लागत न्हाईत, करायला लागत्यात. बापापुढं असं बोलायचं असतंय का?"

मला ते उत्तर आवडलं. पण मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, आणि गल्लीत मास्तरणीनं पोरांची बाजू घेतली की आया बोलायच्या बंद होतात. म्हणून नुसतं "हं" केलं.

पुढची हकीकत काकूंनी तुकड्यातुकड्यानं सांगितली, मधल्या जागा शेळीला घातलेल्या शिव्यांनी भरून काढल्या. गटसचिवांनी लातूर ठरवलेलं. खोली बघून आले, मेसवाल्याला विसारही देऊन आले. आमच्या जिल्ह्यात दहावीला नव्वदच्या वर गेलेल्या पोराचं पुढचं आयुष्य गल्लीनं आधीच लिहून ठेवलेलं असतं: लातूर, बायलॉजी, नीट, डॉक्टर. त्यात वाईट काही नाही. लातूर पॅटर्ननं मराठवाड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात डॉक्टर दिले. घोळ झाला तो ऑनलाइन फॉर्मचा. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी ही भानगड मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आता आमचं पोरगंही घरात बसून दहा कॉलेजांचा पसंतीक्रम टाकतं. वडिलांनी सगळ्या जागा लातूरच्या भरल्या. पण नोंदणी पोराच्या मोबाइलवरून केलेली, ओटीपी पोराच्या मोबाइलवर येणार. रात्रीतून त्यानं यादी फिरवली, धाराशिव वर आणि लातूर तळाला. सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं की विषय निवडताना बायलॉजी लिहिणार नाही.

"आई दोन दिस जेवली न्हाई," काकू म्हणाल्या. "आवं, जुगाराचाच धंदा की त्यो. आमच्या भाच्याच्या गावात एकानं रमीत दोन एकर घालवलं."

"काकू, ते निराळं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारनं २०२५ च्या ऑगस्टात कायदाच केला, बंदी घातली. पैसे न लावता खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांना त्याच कायद्यानं मान्यता दिली. आणि काय हो, लॉकडाऊनमध्ये तुम्ही लेकीशी रोज दुपारी काय खेळत होता?"

"लुडो." काकू जरा वरमल्या. "पर त्यात पैसे नव्हते."

"तेच म्हणते. तो लुडो किंग नवी मुंबईत तयार झालेला. विकाश जयस्वाल यांच्या छोट्या कंपनीनं २०१६ मध्ये काढला, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात गेला. त्यातला फासा कुणीतरी प्रोग्राम लिहिल्याशिवाय पडत नाही."

"मंग आमच्या लेकीला सारखे सहाच कसे पडायचे? त्यो फासा लबाड हाय बाई."

हा प्रश्न काकू सहा वर्षं मनात धरून होत्या. मी सांगितलं की दहावीच्या बीजगणितात पाचवा धडा संभाव्यतेचा आहे. सहा पडण्याची शक्यता प्रत्येक वेळी सहात एक. मागच्या खेपेला काय पडलं याची फाशाला आठवण नसते. आठवण आपल्याला असते, तीही हरल्याची जास्त. काकूंना पटलं नाही. पण पोरगं जो धंदा करू म्हणतंय त्यात ही संभाव्यता रोज लागते. पेटीतून कोणतं बक्षीस निघावं, शत्रूचा वार किती वेळा चुकावा, खेळणाऱ्याला चीड येऊ नये आणि कंटाळाही येऊ नये, हे सगळं तिथूनच ठरतं.

मग मी त्यांना 'राजी'ची गोष्ट सांगितली. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं केला, २०२० मध्ये आला. राजी ही एक डोंबारी खेळ करणारी पोर. तिच्या भावाला असुर पळवतात. देव तिला पाठीशी घेतात, दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि ती महाबलासुराच्या मागं निघते. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळाच्या नामांकनांत जगभरातून पाच खेळ होते, त्यात आपल्या पुण्याचा हा एक. त्याआधी २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करायचा प्रयत्न केला होता, तो फसला होता. तरी गेम पुरा केला.

तुळजापूर आमच्यापासून अर्ध्या तासावर. आई भवानीनं महिषासुराला मारलेलं रूप इथल्या प्रत्येक देवघरात. त्रिशूळ म्हटल्यावर काकूंनी काठी खाली ठेवली.

"पोरगी लढती व्हय? मंग हे चांगलं काम हाय. जुगार न्हाई ह्यो."

तेवढ्यात गटसचिवांच्या मंडळी फाटकाशी आल्या. हातात वाटी. "मॅडम, विरजण आहे का थोडं?" त्यांच्या घरी दोन म्हशी आहेत. विरजण निमित्ताला होतं हे आम्हा तिघींनाही कळलं, पण मी आत जाऊन ते आणलं. रीत ती रीत.

"वहिनी, बसा. कळलं आम्हाला."

"अख्ख्या गल्लीला कळलंय," त्या म्हणाल्या आणि काकूंकडं बघितलं. काकू शेळीकडं बघायला लागल्या.

"मॅडम, तुम्हीच सांगा. असलं काही करायचं तर अकरावीला घ्यायचं तरी काय?"

"गणित. बाकीचं नंतर बोलू."

"झालं!" काकू. "तुमी गणिताच्या बाई. तुमी गणितच म्हणनार. चित्रकलेच्या बाईला इचारलं असतं तर तिनं चित्रं काढ म्हणलं असतं."

रास्त आक्षेप होता. आणि चित्राचं काम गेममध्ये असतंच. माणसं, झाडं, किल्ले काढणारे वेगळे, हालचाल देणारे वेगळे, आवाज देणारे वेगळे, नियम ठरवणारे वेगळे. ज्याचा हात चित्रात आहे, इंटरमिजिएटला ज्याला ए ग्रेड आहे, त्यानं त्या वाटेनं जावं आणि गणितावरून त्याला कुणी छळू नये. पण वहिनींचं पोरगं प्रोग्रामिंग म्हणतंय, आणि प्रोग्रामिंगवाल्याचं गणितावाचून भागत नाही. मी दहावीची पुस्तकं आणायला लावली, त्यातूनच दाखवते म्हटलं.

भूमितीत निर्देशक भूमिती म्हणून एक धडा आहे. त्यातलं अंतराचं सूत्र पोरं दोन मार्कांसाठी पाठ करतात आणि परीक्षा झाली की सोडून देतात. गेममध्ये मात्र सगळ्यात आधी तेच लागतं. समजा पहारेकरी एका जागी उभा आहे. चोर त्याच्यापासून तीन पावलं पूर्वेला आणि चार पावलं उत्तरेला आहे. अंतर किती? तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच. पहारेकऱ्याला सहा पावलांपर्यंत दिसतं, म्हणजे चोर सापडला. आता पडद्यावर असे दोनशे पहारेकरी, आणि गेम सेकंदाला साठ वेळा नवं चित्र काढतो. एका चित्राला साधारण सोळा मिलिसेकंद मिळतात. म्हणून हुशार प्रोग्रामर वर्गमूळ काढतच नाही. पंचवीस आणि सहाचा वर्ग छत्तीस, यांचीच तुलना करतो. उत्तर तेच, काम कमी. हे कुठल्या गाइडात नसतं, पण ज्याला सूत्र कळलंय त्याला सुचतं.

"म्हंजी ही शेळी भिंतीच्या किती जवळ आली," काकू म्हणाल्या, "हे सेकंदात साठ डाव बघायचं."

"अगदी तसंच."

"मी बघतेच की."

उडीचंही तसंच. नववीच्या विज्ञानातला पहिलाच धडा गतीचे नियम. त्यातली समीकरणं गेममधल्या प्रत्येक उडीत असतात: वर जाताना वेग दर क्षणाला कमी, माथ्यावर शून्य, मग खाली. गंमत अशी की पृथ्वीचं खरं गुरुत्वाकर्षण तसंच ठेवलं तर पडद्यावरची उडी मिळमिळीत वाटते. म्हणून बरेच जण खाली येताना गुरुत्वाकर्षण मुद्दाम वाढवतात. पण नियम मोडायला आधी नियम हातात असावा लागतो. म्हणून दुसरा विषय भौतिकशास्त्र.

बारावीत व्हेक्टर येतात. पहारेकरी तुझ्याकडं तोंड करून उभा आहे का पाठ करून, हे दोन व्हेक्टरांच्या डॉट प्रॉडक्टनं कळतं. उत्तर धन आलं तर तू समोर, ऋण आलं तर पाठीमागं. मॅट्रिक्सनं वस्तू फिरवतात, मोठी-लहान करतात. हे धडे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले, आणि "मॅडम, हे पुढं कुठं लागतं?" असं विचारणाऱ्या पोराला दरवेळी "इंजिनिअरिंगला" एवढंच सांगून गप्प केलं जातं. आपल्या पाठ्यपुस्तकांवर माझा हा राग आहे. मॅट्रिक्सचा धडा समीकरणं सोडवून संपतो, त्यानं एक त्रिकोण तरी फिरवून दाखवावा.

"यांचं म्हणणं," वहिनी म्हणाल्या, "चारही घेऊ दे. गणितही राहील, बायलॉजीही राहील. पुढचं पुढं बघू."

हे पीसीएमबी म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात लाडका तोडगा. बापाचंही राहतं आणि पोराचंही. मी याच्या विरोधात आहे, आणि ते भिंतीवरून मोठ्यानं बोलले. दोन डगरींवर पाय ठेवून दोन वर्षं काढायची, सकाळी नीटचा क्लास, संध्याकाळी सीईटीचा. त्यात या पोराला रात्री स्वतःचं काही करून बघायला जो तास-दीड तास हवा, नेमका तोच जातो. ज्याला खरंच ठरवता येत नाही त्यानं चार घ्यावेत. याचं तर ठरलंय.

रसायनशास्त्राचं मात्र खोटं बोलायचं नाही. गेममध्ये त्याचा उपयोग जवळपास नाही. पण एमएचटी-सीईटीला गणिताचे शंभर मार्क, भौतिकचे पन्नास आणि रसायनचे पन्नास. दोनशेपैकी निम्मे एकट्या गणिताचे, तरी उरलेल्यांत रसायन आहे. दार उघडायला लागतं म्हणून करायचं. प्रत्येक विषयावर प्रेम असायलाच हवं असं नाही.

मग वहिनींनी खरा प्रश्न विचारला. आयटी घ्यायचं का कम्प्युटर सायन्स?

हा प्रश्न मला दर जूनमध्ये पन्नास पालक विचारतात आणि दोन्ही एकच समजतात. आयटी शंभर मार्कांचं, ऐंशीची परीक्षा कम्प्युटरवर आणि वीस प्रात्यक्षिकाचे. मार्क सुटसुटीत पडतात. आत जे आहे ते वेबसाइटच्या अंगानं जाणारं: एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी. जावास्क्रिप्ट आलं तर ब्राउझरमधले छोटे खेळ करता येतात, म्हणजे अगदी वाया नाही. कम्प्युटर सायन्स हा बायफोकल विषय दोनशे मार्कांचा, दोन पेपर. त्यात सी प्लस प्लस आहे आणि डेटा स्ट्रक्चर आहे: स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, ट्री. अनरियल इंजिनवर काम करणाऱ्याला सी प्लस प्लसच लागतं, म्हणून कागदावर हा विषय जास्त जवळचा. पण त्याच विषयात पोरं ८०८५ हा मायक्रोप्रोसेसरही शिकतात, जो इंटेलनं १९७६ मध्ये बाजारात आणला. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं.

"तुमचा जलम तरी झालता का?" काकू.

"झाला होता, काकू. पुढं ऐका."

बायफोकलला ठराविक जागा, ठराविक कॉलेजं, आणि शिकवणारा चांगला असेल तर सोनं, नाहीतर प्रात्यक्षिकाची वही एकमेकांची बघून उतरवायची. म्हणून मी म्हणते, चांगला शिक्षक आणि चालू लॅब ज्या कॉलेजात आहे तिथं कम्प्युटर सायन्स. नसेल तर आयटी घ्या आणि सी प्लस प्लस घरी शिका. दोन्हीत मराठी बहुतेक सुटतं, याचं मला वाईट वाटतं. पण सगळ्या दुःखांना एका फॉर्मवर जागा नसते. इंग्रजी मात्र त्यानं वाचायला लागावं. पोरगं सेमी इंग्रजीतलं आहे, भौतिकचं जाड इंग्रजी पुस्तक पहिले तीन-चार महिने त्रास देणार. प्रोग्राम चुकला की पडद्यावर जो संदेश येतो तो इंग्रजीत असतो, आणि तो नीट वाचणं हे निम्मं काम आहे.

"त्यापेक्षा पुण्याला ते गेमिंगचं कॉलेज आहे म्हणतात," वहिनी. "यांच्या मित्रानं माहितीपत्रक पाठवलंय. तीन वर्षांचे काही लाख."

माहितीपत्रकावर चकचकीत राक्षस होता आणि आत सॉफ्टवेअरची नावं. मी काही बोलायच्या आत काकूंनी विषय भलतीकडंच नेला, असं मला वाटलं.

"आमचे मामंजी उर्दूत शिकलेले," त्या म्हणाल्या. "निजामाच्या टायमाला. गावाचं जुनं नाव उस्मानाबाद, ते त्याच्यावरनंच, उस्मान अलीवरनं. शाळा उर्दू, कचेरी उर्दू. मामंजी लई हुशार, अक्षर मोत्यावानी. आता नोकरी लागणार, तवर पोलीस ॲक्शन झाली, अठ्ठेचाळीस साली. कचेरीची भाषाच फिरली. समद्या पोरांनी मराठी, इंग्रजी नव्यानं गिरवली. मामंजी म्हणायचे, राज्य गेलं, भाषा गेली, पाढे मात्र निजामाचे न् सरकारचे येकच निघाले. पावकी, निमकी, दीडकी. त्याच्यावर त्यांनी जन्मभर अडतीचा हिशेब लिहिला."

मी गप्पच झाले. मला जे सांगायला अर्धा तास लागला असता ते काकूंनी सांगून टाकलं होतं.

फ्लॅश या सॉफ्टवेअरचं असंच झालं. २००० च्या दशकात गेम शिकायचा म्हणजे फ्लॅश शिकायचं. ठिकठिकाणी क्लास निघाले, फिया घेतल्या. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं फ्लॅश बंद केलं. ज्यांना फक्त त्यातली बटणं माहीत होती ते अडकले. ज्यांना प्रोग्रामिंग आणि गणित येत होतं ते युनिटी या गेम इंजिनवर गेले, सी शार्प शिकले, पुढं निघाले. उद्या युनिटी जाईल, आणखी काही येईल. म्हणून काही लाख भरून सॉफ्टवेअरची नावं विकत घेऊ नयेत, असं माझं मत. पदवी कम्प्युटर इंजिनिअरिंगची करावी. आपल्याच गावात तेरणा इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यात प्रोग्रामिंग लवकर सुरू होतं, पण गणित बारावीएवढं खोल होत नाही, ते आपलं आपण भरून काढावं लागतं. बारावीला गणित न घेणाऱ्यांना बीसीए आहे. राज्यात २०२४ पासून त्यालाही सीईटी लागली.

माझा एक भाचा पुण्यात याच धंद्यात आहे. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, सुपरगेमिंगनं २०२४ मध्ये 'इंडस' काढला तो पुण्यातूनच, आणि बारकेसारके स्टुडिओ वेगळे. भाच्याला मुलाखतीत टक्के विचारले नाहीत. फळ्यावर दोन चौकोन काढले आणि ते एकमेकांवर चढलेत का हे ओळखणारा प्रोग्राम लिही म्हणाले. मग म्हणाले, तू केलेला एखादा गेम दाखव. विकायच्या लायकीचा नको, पुरा केलेला हवा.

"याचा एक आहे," वहिनी हळूच म्हणाल्या. "पण चालत नाही नीट. त्यावरूनच चिडचिड करतो."

मग पोरालाच हाक मारली. मान खाली घालून आला. वडिलांचा जुना मोबाइल, काच तडकलेली. त्यावर गोडो टाकलेलं. हे गेम करायचं साधन फुकट आहे, कुणालाही उघडून बघता येतं, आणि अँड्रॉइडवरही चालतं. म्हणजे लॅपटॉप नाही ही सबब राहत नाही. गेमचं नाव 'गोफण'. ज्वारीचं रान, मधे मचाण, मचाणावर माणूस, आणि कणसांवर उतरणारी पाखरं. बोट ओढून सोडलं की गोफणीतला दगड सुटतो.

"दगड हळू असला की पाखरू उडतं, मॅडम. जोरात मारला की पाखराच्या अंगातून जातो, काहीच होत नाही."

"दगडाचा वेग किती ठेवलास?"

"सेकंदाला अठराशे पिक्सेल."

"एका सेकंदात चित्रं किती?"

"साठ."

"मग एका चित्रात दगड किती पुढं जातो?"

तो थांबला. ओठ हलले. "तीस. आणि पाखरू... वीस पिक्सेलचं." त्याचा चेहरा असा फुलला की आईनंही बघितलं. दगड एका चित्रात पाखराच्या अलीकडं, पुढच्या चित्रात पलीकडं. मधल्या वेळेत काय झालं हे प्रोग्रामनं विचारलंच नव्हतं.

"आता नुसती दगडाची नवी जागा तपासायची नाही. जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेघ ओढायची आणि पाखरू त्या रेघेपासून किती लांब आहे ते बघायचं. बिंदूचं रेषेपासूनचं अंतर. अकरावीला सरळ रेषेच्या धड्यात आहे."

"अकरावीच्या? मला पुस्तक मिळेल आत्ता?"

मी तीस वर्षांत अकरावीचं पुस्तक सुट्टीत मागणारं पोरगं बघितलं नव्हतं.

संध्याकाळी गटसचिव स्वतः आले. फाटकातच उभे राहिले, चप्पल काढली नाही, म्हणजे भांडायला आले नव्हते आणि पटूनही घ्यायचं नव्हतं. म्हणाले, "मॅडम, नोकरीची खात्री आहे का?"

खात्री नाही, असं मी सांगितलं. २०२३ आणि २०२४ मध्ये जगभर या धंद्यात हजारो लोकांना घरी बसवलं, मोठमोठ्या कंपन्यांनीही. प्रोग्राम लिहायला एआय आलंय, त्याचा परिणाम काय होईल ते होईल. म्हणूनच गेमिंगची पदवी नको आणि कम्प्युटर इंजिनिअरिंग हवं. गेममध्ये नाही जमलं तर तेच गणित आणि तोच प्रोग्रामिंगचा हात बँकेच्या, गाड्यांच्या, हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला चालतो. नीटलाही खात्री कुठं आहे? तिथं तर एका मार्कावर वर्ष जातं. ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ते गोफणीचं त्यानं स्वतः केलंय?" हो म्हटल्यावर म्हणाले, "आमचे आबा मचाणावर बसायचे," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंकडून भिंतीवर अधिकृत निवेदन आलं: भौतिक, रसायन, गणित, इंग्रजी आणि आयटी, कॉलेज धाराशिवचंच, बायलॉजी रद्द, आई जेवली. विसाराचे पैसे मेसवाला परत देतो का यावर घरात अजून बोलणं चालू आहे, म्हणं.

तुमच्या घरातलं पोरगं किंवा पोरगी असं काही म्हणत असेल, तर गणित आणि भौतिक तेवढं राहू द्या, आयटी का कम्प्युटर सायन्स यावर खुशाल भांडा, आणि मोबाइल हिसकावून घेण्याआधी त्यावर काय तयार केलंय ते एकदा उघडून बघा.